भिंत खोटं बोलते

शाळेच्या छताचा तुकडा पडला तो रविवारी. म्हणून पोरं वाचली, नुसती बाकं गेली. सोमवारी दाराला कुलूप, कुलपावर लाखेचं सील आणि वर चिकटवलेला कागद: इमारत धोकादायक. मोठे वर्ग आसपासच्या शाळांनी वाटून घेतले. पाचवी तेवढी उरली. एकतीस पोरं आणि एक बाई. टेम्पोत न मावलेलं सामान फुटपाथवर राहतं ना, तसं.

त्या एकतीसात माझी धाकटी बहीण. तिला सगळे टाचणी म्हणतात. एक तर ती तेवढीच बारीक आहे, दुसरं म्हणजे टोचते.

मी शाळेत जात नाही. मी फरश्या बसवते, मामाबरोबर. मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ आणि आमच्या भागातला सगळ्यात चिडका फरशीवाला. दुसरा नंबर माझा. तो मला चटका म्हणतो.

शाळा का सोडली ते आधीच सांगून टाकते, नाहीतर मधेच कुणीतरी विचारेल. सातवीत गणिताच्या सरांनी मला फळ्यापाशी बोलावलं. तीन छेद चार वजा दोन छेद तीन. मी वरच्यातून वरचा आकडा काढला, खालच्यातून खालचा. एक छेद एक. म्हणजे एक. सर वर्गाकडे वळले आणि म्हणाले, "बघा रे, पाऊण होतं, त्यातून काढलं, आणि उरलं अख्खं एक! अक्कल गहाण टाकलीस का गं?" सगळे हसले. माझं ते उत्तर फळ्यावर तसंच होतं, पांढरं ठळक, मागच्या बाकावरूनही दिसेल असं. मी डस्टर उचललं आणि फेकलं. सरांना लागलं नाही, खिडकीला लागलं. माफी मागितल्याशिवाय वर्गात पाऊल टाकायचं नाही, असं सरांनी सांगितलं. मी नाही मागितली. आई म्हणाली, "राहू दे वर्षभर घरी, डोकं शांत होईल तिचं." ते वर्ष अजून चालूच आहे. तीन झाली.

पाचवीच्या या बाई कधीकाळी माझ्याही बाई होत्या. मी शाळा सोडल्यावर दोनदा घरी आल्या. दोन्ही वेळा मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे लपले. दुसऱ्या वेळी जाताना त्या खालून, वर न बघताच, मोठ्याने म्हणाल्या, "टाकीमागे ऊन लागतं गं. टोपी घालून बसत जा."

तर या बाई मामाकडे आल्या. मामाकडे एका अर्धवट इमारतीची किल्ली होती. मालक परदेशात, काम बंद, खालचा हॉल रिकामा. तीस फूट लांब, वीस फूट रुंद, खिडक्यांना तावदानं नाहीत, जमिनीवर नुसता खडबडीत कोबा. मामाने मालकाला फोन लावला. मालक म्हणाला, वापरा खुशाल, फक्त भिंतीला एक खिळा मारायचा नाही.

"खिळा नाही म्हणजे फळा नाही," मामा म्हणाला. "मग शिकवणार कशावर, बाई? माझ्या टकलावर?"

बाईंनी भिंतीवर हात फिरवला. प्लास्टर झालेलं होतं, रंग नव्हता. राखाडी, कोरडी भिंत. त्यांनी मामाच्या बादलीतला ब्रश उचलला, पाण्यात बुडवला आणि भिंतीवर मोठा सात काढला. पाणी लागलं तिथे सिमेंट काळंभोर झालं. सात असा उठून दिसला की काय सांगू. आम्ही तिघं बघत उभे. चार मिनिटांनी सात गेला. भिंत पुन्हा कोरी.

"पुसायचीही कटकट नाही," बाई म्हणाल्या.

एकतीस पोरांना एकतीस जुने ब्रश काही मिळाले नाहीत. चौदा मिळाले. बाकीच्यांनी काठीला चिंधी बांधली. प्रत्येकाची भिंतीवर आपापली जागा ठरली. गणित सांगितलं की सगळी पोरं भिंतीकडे तोंड करून उभी, आणि उत्तर लिहायचं ते पहिला आकडा वाळायच्या आत. बाईंनी तर वेळापत्रकच हवेवर लावलं. कडक ऊन असेल त्या दिवशी बेरीज-वजाबाकी, ढगाळ असेल त्या दिवशी लांबलचक भागाकार. पोरं सकाळी उठून आधी आभाळ बघायला लागली. टाचणी एकदा ढग बघून म्हणाली, "मेलो! आज भागाकार."

वाचायला पुस्तकं नव्हती, ती सगळी त्या सीलबंद खोलीत. मग फरश्यांचे खोके वाचायचे. 'नाजूक माल. हळू हाताळा. उलटे ठेवू नये.' त्यावरून निबंध लिहायचा: माझ्या घरातला नाजूक माल. वर्गात एक मुलगा आहे, कान मोठे म्हणून त्याला पंखा म्हणतात. त्याने लिहिलं, आमच्या घरात नाजूक माल म्हणजे आजोबा, त्यांना उलटे ठेवू नये. बाई हसून हसून खाली बसल्या. मी सिमेंटच्या गोणीवर बसून डबा खात होते, मलाही ठसका लागला. दुपारी मी तिथेच जेवायचे. बाईंसाठी नाही. सावली होती म्हणून.

पण एक गोष्ट मी बघितली होती. पंखा रोज चुकायचा. रोज म्हणजे रोज. आणि रोज चार मिनिटांनी त्याची चूक वाळून जायची, आणि तो पुन्हा ब्रश बुडवायचा.

मग ते पत्र आलं. पंधरा दिवसांनी तपासणी. जागा वर्गाला योग्य नाही असं दिसलं, किंवा पोरं काही शिकत नाहीत असं दिसलं, तर वर्ग बंद आणि पोरं हमरस्त्यापलीकडच्या शाळेत. टाचणीने ते घरी सांगितलं तेव्हा बाबा बूट काढत होते. म्हणाले, "दोन बस बदलून? तो रस्ता ओलांडून? एवढीशी पोर? छे. मग राहू दे वर्षभर घरी."

मी ताटावरून उठले. वर्षभर घरी म्हणजे काय ते त्या घरात फक्त मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंना विचारलं, "साहेब आल्यावर पहिलं काय बघेल?"

"पायाखाली," बाई म्हणाल्या. कोब्याची धूळ उडायची. निम्मी पोरं खोकत होती. सतरंजी झटकली की वर्ग दिसेनासा व्हायचा.

मी मामाला सांगितलं, मला उरलेल्या फरश्या दे. प्रत्येक कामावर दहा-वीस उरतात, मामाच्या गोदामात त्यांचे ढीग होते. सगळ्या एक फुटी, पण रंग एकाचा एकाला नाही.

"हॉलला सहाशे लागतील," मामा म्हणाला. "बसवणार कोण?"

"मी."

"एकटी?"

"एकटी. सकाळी कामाच्या आधी आणि संध्याकाळी नंतर."

"चटके, पंधरा दिवसांत सहाशे? नाकाच्या शेंड्यावरचा राग फरशीखाली भरणार आहेस का?"

"सिमेंटचा माल कमी पडला तर तोही भरीन."

त्याने मालकाला पुन्हा फोन केला. फुकटात फरशी मिळतेय म्हटल्यावर मालक काय नाही म्हणणार होता? मामाने मला गोदामाची किल्ली दिली आणि शंभर वेळा सांगितलेलं एकशे एकाव्यांदा सांगितलं. "भिंतीला धरून ओळ लावायची नाही. भिंत खोटं बोलते. दोरी खोटं बोलत नाही."

फरश्या आणण्यात तीन दिवस गेले. त्या दिवसांत बाईंनी माझा जीव खाल्ला. मी खोके उतरवायचे आणि बाई तिथेच पोरांना बसवायच्या. एका खोक्यात नऊ, तर सहाशेला खोके किती? निळ्या एकशे सत्तर आहेत, तर निळ्यांच्या किती ओळी होतील? मी म्हटलं, "बाई, इथे काम चाललंय की गंमत?"

"दोन्ही," बाई म्हणाल्या. "तू फरशीचा कोपरा सरळ आला ते कसं ओळखतेस? दाखव की यांना."

मी दाखवलं, काय करणार. सुतळीला गाठी मारल्या. एका रेघेवर कोपऱ्यापासून तीन फूट मोजायचे. दुसऱ्या रेघेवर चार फूट. आता या दोन खुणांच्या मधलं अंतर बरोबर पाच फूट भरलं तर कोपरा खरा. कमी भरलं तर कोपरा आत झुकलाय, जास्त भरलं तर बाहेर फाकलाय. मामाला हे त्याच्या उस्तादाने शिकवलं, मला मामाने. पुस्तकात आहे की नाही मला माहीत नव्हतं.

"आहे," बाई म्हणाल्या, "पण तिथे ते एवढं उपयोगाचं दिसत नाही."

मग काय, पोरं सुतळी घेऊन सुटलीच. दाराचा कोपरा मोज, खोक्याचा मोज, डब्याचा मोज. पंखाने स्वतःचं कोपर मोजायला घेतलं. मी ओरडले, हसले, पुन्हा ओरडले. एकच नियम मी दटावून ठेवला होता. सिमेंटला हात लावायचा नाही. ओलं सिमेंट कातडी खातं. माझी बोटं बघा आणि लांब राहा. मोजायचं, खुणा करायच्या, बस्स.

चौथ्या दिवशी पहाटे पाचला मी एकटी हॉलवर गेले. अकरा दिवस हातात होते. मामाच्या पद्धतीने करायचं तर आधी दाराच्या मधोमध समोरच्या भिंतीपर्यंत दोरी, मग तिला काटकोनात दुसरी दोरी, मग मधूनच सुरुवात. दोऱ्यांतच तास जातो. डावीकडची लांब भिंत नजरेला सरळ दिसत होती. मी म्हटलं, आजच्या दिवस चालतंय. भिंतीला चिकटून पहिली ओळ टाकली. मग दुसरी. साठ फरश्या. रबरी हातोडीने ठोकून एकीला एक अशा बसवल्या की बोटाला सांधा लागू नये. आठ वाजले तेव्हा पाठ मोडली होती, पण मी स्वतःवर खूश होते.

पोरं आली. दारातच थांबून बघायला लागली. बाई यायच्या होत्या. टाचणीने दप्तर ठेवलं, खिशातून सुतळी काढली, आणि पंखाला उंबऱ्याशी तिचं टोक धरायला लावलं. उंबऱ्याच्या रेघेवर तीन. माझ्या ओळीवर चार. मग ती वाकली, पुन्हा वाकली.

"ताई," ती म्हणाली, "कोपरा खोटा आहे."

"काय?"

"पाच भरत नाहीत. एक बोट कमी."

"नीट धर सुतळी."

"नीटच धरलीय. तीनदा मोजलं."

"एक बोट! एवढ्याने आभाळ पडतंय का?"

तेवढ्यात पंखा म्हणाला, अगदी साधेपणाने, "चार फुटांवर एक बोट, मग तीस फुटांवर किती?"

आणि मी त्याच्यावर फुटले. हातातली थापी कोब्यावर आपटली, माल उडून त्याच्या सदऱ्यावर बसला. "मला शिकवतोस? रोज बेरीज चुकणारा तू? अक्कल गहाण टाकलीस का रे?"

ते वाक्य माझ्या तोंडून निघालं होतं. त्याच आवाजात. त्याच चालीत. मला कळलं तसं पंखालाही काहीतरी कळलं असणार, कारण तो सदऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघत होता, आणि त्याचे कान लालेलाल झाले होते. मी बाहेर गेले आणि वाळूच्या ढिगावर बसले.

बाई आल्या. आत डोकावल्या, बाहेर आल्या. फक्त घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, "माल घट्ट व्हायला किती वेळ लागतो गं?"

"पहिल्या फरश्यांचा होत आला असेल. बाकीच्यांना तासभर."

"बरं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

बस्स एवढंच. मला समजवायला बसल्या असत्या तर मी तिथून उठून गेले असते, देवाशपथ. पण तासभर म्हणजे तासभर असतो. मी उठले. आत जाऊन आधी पंखासमोर उभी राहिले.

"तुझा प्रश्न बरोबर होता," मी म्हटलं. "चुकले मी. आता उत्तरही तूच काढ. मोठ्याने."

तो भिंतीशी गेला. ब्रश बुडवला. चार फुटांना एक बोट, आठ फुटांना दोन, असं चढत गेला. मधेच चुकला, वाळेपर्यंत थांबला नाही, शेजारी नवीन मांडलं. "अठ्ठाविसाला सात बोटं. आणि वर दोन फूट. म्हणजे साडेसात."

"साडेसात बोटं किती होतात?"

टाचणीने हात पसरून बोटं ठेवून बघितली. "वीतभर!"

"इथे बोट, तिकडे वीत," मी म्हटलं. "दारातून आत येणाऱ्याला पहिली वाकडी ओळच दिसली असती. सरका."

मामाबरोबर कामावर जायचं होतं, ते मी गेले नाही. साठच्या साठ फरश्या उचकटल्या. नऊ फुटल्या. उरलेल्यांच्या पाठीवरचा माल खरवडून, धुऊन, उन्हात ठेवल्या. मामा दुपारी तणतणत आला, डोक्यावर रुमाल, तोंडात शिव्या तयार. ढीग बघितला, मोकळा कोबा बघितला.

"भिंतीला धरलंस?"

"हो."

"कुणी पकडलं?"

मी टाचणीकडे आणि पंखाकडे बोट केलं. मामाने त्या दोघांना नखशिखान्त न्याहाळलं. "ही चटका तीन वर्षं माझ्याबरोबर आहे," तो म्हणाला. "तुम्ही किती दिवस आहात?"

"चार," पंखा म्हणाला.

"आणि पगार मागत नाही ना?" असं म्हणून मामाने बाह्या वर केल्या, आणि दाराच्या मधोमध लाइनदोरीचं टोक स्वतः धरलं.

त्यानंतर दिवस कसे गेले ते विचारू नका. मी उजवीकडे फरशी टाकायचे तेव्हा वर्ग डावीकडे, ती घट्ट झाली की वर्ग उजवीकडे आणि मी डावीकडे. बाई म्हणायच्या, आपला वर्ग सरकता आहे. पोरं आदल्या संध्याकाळी दोरीच्या खुणा करून जायची आणि सकाळी आल्यावर तपासायची. चुका काढायला तर एवढी हपापलेली! रंग ठरवायचं काम बाईंनी त्यांना दिलं. निळ्या फरश्यांची नदी झाली, ती खिडकीशी उगम पावून दाराशी समुद्राला मिळाली. मधे तपकिरी डोंगर. भूगोल नदीवर बसून. ज्याला प्रश्न विचारायचा त्याला डोंगरावर उभं करायचं. मी माल कालवता कालवता ऐकायचे. एकदा बाईंनी विचारलं नदी वळणं का घेते, आणि मी मधेच बोलून बसले, "समोर कडक लागलं की वळते, अजून काय?" बाई म्हणाल्या, "बरोबर. पुढे?" मी घमेलं उचलून निघून गेले.

तपासणीच्या दिवशी साडेपाचशेच्या वर फरश्या बसल्या होत्या. उरली होती ती डावीकडची किनार, त्या खोटारड्या भिंतीला लागून. मधून सुरुवात केली की वाकडेपणा सगळा शेवटी कडेला येऊन साठतो, आणि तिथे प्रत्येक फरशी मापाने कापावी लागते. दाराशी फटीत अख्खी फरशी बसेल, पलीकडच्या टोकाला जेमतेम तीन इंच. तीस फरश्या, तीस मापं. मधल्या फरश्या संपवायलाच सकाळ झाली, आता मी कापायला बसणार होते. साहेब अकराला यायचे होते, ते नऊलाच आले.

बारीक चौकटीचा चष्मा, बगलेत फाइल. दारातच चपला काढल्या, हे मात्र मला आवडलं. मी कोपऱ्यात कटर घेऊन बसलेले, केसांपासून पायापर्यंत पांढरी.

साहेबांनी नदी बघितली, डोंगर बघितले. मग डावीकडे बघितलं. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती होत गेलेली उघडी पट्टी.

"ही ओळ वाकडी गेलीय," ते म्हणाले.

"भिंत वाकडी आहे," मी म्हटलं.

"नाचता येईना, अंगण वाकडं?"

माझी कानशिलं तापली. तोंड उघडलंच होतं. पण त्याआधी टाचणी उठली. "साहेब, अंगण खरंच वाकडं आहे. मोजून दाखवू?"

साहेबांनी बाईंकडे बघितलं. बाई खिडकीशी हाताची घडी घालून उभ्या, जशा काही पाहुण्याच आहेत.

"दाखव."

"मग हे टोक धरा. नाही, असं नाही, गाठीवर. उंबऱ्याला लावून." साहेब वाकले. फाइल पंखाच्या हातात गेली. टाचणीने आधी आमची फरशीची ओळ मोजली. तीन, चार, पाच. सुतळी ताणून बरोबर गाठीवर. मग भिंत मोजली. तीन, चार, आणि एक बोट कमी.

"एका बोटाने काय फरक पडतो?" साहेबांनी विचारलं. आता ते परीक्षा घेत होते की खरंच विचारत होते, मला कळलं नाही.

पंखा फाइल काखेत मारून भिंतीकडे गेला. ब्रश बुडवला. मी कटर खाली ठेवला, कारण हा पोरगा रोज चुकतो. आणि तो चुकलाच. आठाला तीन लिहिलं. साहेबांच्या भुवया वर गेल्या. पंखा थांबला, मागे सरकून बघितलं, म्हणाला, "हे वाळू दे," आणि शेजारी नव्याने मांडलं. साडेसात. मग आडवा झाला, पट्टीच्या रुंद टोकाला हात लावून बघितला, अरुंद टोकाला लावून बघितला. "वीतभर फरक. येतोय बरोबर."

साहेब पंखाच्या पहिल्या चुकीकडे बघत उभे राहिले. ती वाळत होती. तीन गेला, मग आठ गेला.

मग ते वळले आणि त्यांचा आवाज बदलला. "बाई, एक सांगा. ही फरशी मुलांकडून घातली आहे? मुलांना मजुरीला लावलं असेल तर मला वर्ग आजच बंद करावा लागेल."

"मुलांनी मोजलंय," बाई म्हणाल्या. "घातली तिने."

"कशावरून?"

आता मात्र मी उठले. "हात दाखवा रे सगळ्यांनी," मी ओरडले. एकतीस जोड्या वर आल्या. मळकट, पण धड. मग मी माझे हात त्यांच्या हातांशेजारी धरले. सालं निघालेले, भेगा पडलेले, नखांत सिमेंट. "यातले कुठले हात सिमेंटमध्ये गेलेत ते ओळखायला साहेब लागतो का?"

बाईंनी डोळे मिटले. संपलं, मला वाटलं. माझ्या तोंडाने घात केला.

साहेबांनी माझे हात बघितले. "वय?"

"सोळा."

"शिक्षण?"

"सातवी. तीही अर्धीच."

"मग हे सगळं कशासाठी? तुला काय मिळणार यातून?"

मी टाचणीकडे बघितलं. ती सुतळी गुंडाळत होती, घाई न करता, गाठ गाठीवर ठेवून. "मला काही नको," मी म्हटलं. "तुम्ही वर्ग बंद केलात तर ही माझी बहीण वर्षभर घरी राहील. असं घरी ठरलंय. मी पण वर्षभरासाठीच राहिले होते. अशी अजून निम्मी असतील यात, विचारा हवं तर. रस्त्यापलीकडे कुणी पाठवणार नाही. मला मोठं बोलता येत नाही, साहेब. मला फरशी टाकता येते. म्हणून टाकली."

ते भिंतीला टेकायला गेले, ती ओली होती, सावरून उभे राहिले. पंखाकडून फाइल घेतली. बराच वेळ लिहीत होते. मग वाचून दाखवलं, एकेक शब्द मोजून. वर्ग वर्षअखेरपर्यंत इथेच चालेल. खिडक्यांना जाळी पंधरा दिवसांत. पिण्याच्या पाण्याची टाकी. आणि डावीकडची किनार आठवड्याच्या आत.

"आठवडा कशाला," मी म्हटलं. "उद्या."

"आठवडा लिहिलाय," ते म्हणाले. दारात चपला घालताना त्यांनी एकदा उंबऱ्याचा कोपरा बघितला. सुतळीशिवाय काय दिसणार त्यांना!

पोरांनी जो काही गोंधळ केला तो केला. मी परत कटरपाशी बसले, कारण किनार कुणी साहेब येऊन घालणार नव्हता. टाचणी पट्टीशेजारी पालथी पडून एकेक माप ओरडत होती आणि मी कापत होते. अख्खी. साडेअकरा इंच. अकराला थोडी जास्त. मग एके ठिकाणी ती म्हणाली, "पाऊण."

माझ्या हाताशी आधीच कापलेला एक तुकडा होता, दोन तृतीयांश, आठ इंची. म्हटलं, बघू बसतो का. ठेवला.

"नाही, ताई. एक इंच उघडं राहतंय."

"एक इंच," मी म्हटलं. आणि हात तसाच राहिला.

बारा इंचाची फरशी. पाऊण म्हणजे नऊ. त्यातून हा तुकडा आठ. उरला एक. बारातला एक.

बाई पलीकडे नदीवर बसून हजेरी भरत होत्या. मी उठले, बादलीतला ब्रश घेतला, आणि खोटारड्या भिंतीवर, जिथे कुणाचं लक्ष जाणार नव्हतं तिथे, खाली वाकून लिहिलं. तीन छेद चार वजा दोन छेद तीन बरोबर एक छेद बारा. सातवीतलं. पूर्ण.

मग परत जाऊन नऊ इंचाचा तुकडा कापला. बसला तो, सुरी जाणार नाही असा.

"ताई, पुढचं माप घेतेस की नाही?" टाचणी म्हणाली. "माल वाळतोय."

मी मागे वळून बघितलं. भिंतीवरचा बारा अजून ओला होता, आणि त्याच्यासमोर, ब्रश हातात घेऊन, बाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या उत्तराच्या खाली त्या दुसरं गणित लिहीत होत्या.

बाहेर कडक ऊन होतं. चार मिनिटं. मी टाचणीला म्हटलं, "थांब जरा," आणि उठले.